पोलंडची ऑपेरा टूर, बाबांना घेऊन जायचंय. कोणी केलीय का?

पायपेटी
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय या आठवड्यात घ्यायचाय.

बाबा आता ७१ वर्षांचे. बँकेत नोकरी केली पण जीव सगळा ऑर्गनमध्ये, हौशी संगीत नाटकांना गावोगाव साथ करायचे. आई गेल्यावर पेटीवरचं कापड काढेनात. मग मी त्यांना मुंबईला एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचं स्क्रीनिंग असतं ते दाखवायला नेलं, शब्द एक कळत नव्हता पण मध्यंतरात म्हणाले, "अगं हे तर आपलंच आहे, फक्त माणसं जास्त आणि तबला नाही." तेव्हापासून घरी रोज कुठली ना कुठली ऑपेरा लागलेली असते.

तर एक गाइडेड टूर मिळालीय, ऑक्टोबरमध्ये ९ रात्री, वॉर्सा, पोझनान, व्रोत्सवाफ, क्राकूफ. साधारण वीस जणांचा ग्रुप, सोबत इंग्रजी बोलणारा गाइड आणि तीन ऑपेरा. दोन इटालियन आहेत, टोस्का आणि ला त्राव्हियाता, त्या बाबांना पाठ आहेत. तिसरी हाल्का नावाची पोलिश. टूरवाल्या बाई म्हणाल्या की बरेच लोक ती सोडून त्या संध्याकाळी शोपाँ या पोलिश संगीतकाराच्या पियानोचा कार्यक्रम घेतात, तुम्हीही बदलू शकता.

बाबांना विचारलं तर म्हणतात तुला पटेल ते कर. मला विचारायचंय ते हे की हाल्का ठेवू का बदलू? आणि एकूण अशी टूर घ्यावी का आपलं आपण जावं? जिने, थंडी, शाकाहारी जेवण याबद्दलही सांगा.

रातराणी
हाल्का अजिबात सोडू नका!! मी व्रोत्सवाफला सहा वर्षं राहतेय, सविस्तर रात्री लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

आंबेमोहर
बाबांना नमस्कार सांगा. ऑक्टोबर म्हणजे जाड मोजे आणि कानटोपी, बाकी काही माहीत नाही पण धागा वाचतेय.

तिसरी_घंटा
मी थोडं वेगळं सांगतो. मी वॉर्सा आणि क्राकूफ दोन्हीकडे ऑपेरा पाहिल्यात, एकदा ग्रुपबरोबर एकदा एकटा. प्रत्यक्ष थिएटरात पहिल्यांदाच बसणार असतील तर ओळखीची चाल कानावर पडण्यातला आनंद फार मोठा असतो. टोस्का पाठ आहे ना, मग ती समोर ऐकताना त्यांचे डोळे भरून येतील. अनोळखी ऑपेरा, अनोळखी भाषा, अडीच-तीन तास, दिवसभर शहर फिरून दमलेला माणूस. डुलकी लागते हो, आणि ती लागली की त्यांनाच वाईट वाटेल. शोपाँ त्या मानाने सोपा.

टूरबद्दल एकच सांगतो, सीट नंबर लेखी मागा. आमच्या टूरवाल्यांनी "उत्तम सीट" म्हणून वरच्या बाल्कनीच्या टोकाला बसवलं होतं, अर्धं स्टेज दिसतच नव्हतं. नायिका डावीकडे गेली की फक्त आवाज. तिकिटं थिएटरच्या स्वतःच्या साइटवरून काढता येतात, तिथे सीटचा नकाशा दिसतो, तो उघडून त्यांनी दिलेला नंबर ताडून बघा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही थिएटरं बंद असतात, त्यामुळे तुमचा ऑक्टोबर एकदम बरोबर आहे.

मारवा
तिसरी घंटा, तुमचं म्हणणं पटतं पण इथे मला हाल्काची बाजू घ्यायचीच आहे, कारण पोलंडला जाऊन हाल्का न बघणं म्हणजे आपल्याकडे येऊन नांदीच्या वेळी बाहेर चहा पीत बसण्यासारखं आहे.

जरा मागचं सांगतो. १७९५ ते १९१८, म्हणजे १२३ वर्षं पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. अशा काळात आपली भाषा चारचौघांत मोठ्याने म्हणायची जागा उरली होती ती नाटकशाळा. संगीतकार स्तानिस्वाव मोन्यूश्कोने हाल्का आधी विल्नोला, म्हणजे आजच्या व्हिल्नियसला, १ जानेवारी १८४८ ला साध्या मैफलीसारखी सादर केली, तेव्हा ती दोन अंकी होती. वॉर्सात यायला पुढची दहा वर्षं गेली. १ जानेवारी १८५८ ला चार अंकी हाल्का वॉर्साच्या मोठ्या थिएटरात झाली आणि मोन्यूश्को रातोरात सगळ्यांचा झाला, लगेच तिथल्या ऑपेराचा प्रमुखही झाला.

गोष्ट अगदी साधी आहे. डोंगरातली गरीब मुलगी हाल्का, तिला फसवणारा जमीनदार यानुश, त्याचं बरोबरीच्या घरातल्या झोफ्याशी ठरलेलं लग्न. हाल्काच्या पोटात यानुशचं मूल. तिच्यावर जीव टाकणारा गावचा योन्तेक तिला सांगून थकतो पण ती म्हणते तो येईल. पहिल्या अंकात वाड्यावर साखरपुडा चालू असतो आणि बाहेरून हाल्काचं गाणं ऐकू येतं, मग तो अंक संपतो कशावर तर जमीनदारांच्या जोरदार माझुर नाचावर. काही न बोलता सगळं कळतं. शेवटी ती चर्च पेटवायला निघते आणि मागे फिरते, कारण आत माणसं आहेत. मग नदीत उडी घेते. ज्यांनी हे वॉर्सात पहिल्या रात्री पाहिलं त्यातले कितीतरी जण स्वतःच जमीनदार होते, विचार करा.

आता चौथ्या अंकातलं योन्तेकचं गाणं ऐका, "शुम्यौं योद्वी" असं सुरू होतं, डोंगरमाथ्यावर देवदार सळसळतात असा काहीसा अर्थ. त्याच्या आधी ओबो एकटं वाजतं, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य, आणि त्यातून ती दरी उभी राहते. बाबांना आज रात्री हे एकच गाणं ऐकवा. प्योत्र बेचावाने गायलेलं शोधा. मग ठरवा.

गवती_चहा
मारवा, वाचताना काटा आला. चर्च पेटवायला निघालेली मागे फिरते हे मला माहीतच नव्हतं.

तिसरी_घंटा
मारवा, गाण्याबद्दल काही वादच नाही. पण पायपेटींना हेही माहीत असावं की रंगमंचावर नेहमी डोंगर आणि घागरे दिसतील असं नाही. मारिउश त्रेलिन्स्कीने बसवलेली हाल्का, जी २०१९ मध्ये आधी व्हिएन्नाला झाली आणि मग वॉर्साला आली, ती १९७० च्या दशकातल्या एका हॉटेलात घडते. मला ती आवडली, माझ्या बायकोला मुळीच नाही, परत येताना ट्राममध्ये आमचं त्यावरच चाललं होतं. तर टूरमधली हाल्का कुठल्या शहरात, कुठली, ते विचारा. फोटो थिएटरच्या साइटवर असतात.

रातराणी
आले. मुलाला झोपवलं.

मारवांनी सगळं सुंदर लिहिलंय त्यात माझी एक गोष्ट जोडते, जी इथे आल्यावर हळूहळू लक्षात आली. व्रोत्सवाफ हे दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन शहर होतं, ब्रेसलाउ. ऑपेराची इमारत १८४१ ची, जर्मनांनीच बांधलेली. युद्ध संपलं, शहर बेचिराख, जर्मन गेले, पूर्वेकडून पोलिश माणसं आली, कोणाचं घर धड नाही. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये त्या ऑपेरात पहिला पोलिश प्रयोग झाला तो हाल्काचा. बितोम नावाचं खाणींचं शहर आहे, तिथली ऑपेरा जून १९४५ मध्ये सुरू झाली, पुन्हा हाल्का. पोझनानची इमारत प्रशियाने १९१० मध्ये उघडली ती मोझार्टच्या मॅजिक फ्लूटने, जर्मनमध्ये, आणि १९१९ मध्ये पोलिश लोकांच्या हातात आली तेव्हा त्यांनी लावली हाल्का. म्हणजे जिथे म्हणून नवं घर मांडलं तिथे आधी हाल्का. म्हणून मारवा, तुमचा नांदीचा शब्द अगदी बरोबर जागी बसलाय.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. माझुर सुरू झाला आणि त्यांच्या मांडीवरच्या पर्सवर बोटं ताल धरायला लागली, गाठी आलेली म्हातारी बोटं, पण एक मात्रा चुकली नाही. शेवटच्या अंकात त्यांनी माझा हात धरला, ओळख ना पाळख. मध्यंतरात मी त्यांना मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारलं होतं की कितव्यांदा बघताय, तर हसून हात हलवला, म्हणजे मोजायचं सोडून दिलंय.

काकांना डुलकी लागेल याची काळजी करू नका. ज्याने नाटकाला साथ केलीय तो माणूस भाषा कळली नाही तरी जागाच राहतो. वॉर्साला तर स्टेजच्या वर पोलिश आणि इंग्रजी दोन्ही ओळी दिसतात.

कोल्हापुरी_रस्सा
विषय पोलंडचा निघालाय आणि कोल्हापूरचं नाव नाही असं कसं चालेल. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियातून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती माणसं गेल्यावर तिथेच सिंधी निर्वासित राहायला आले, तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण कापड घ्यायला जातो.

वॉर्सात त्याचं स्मारक आहे, क्रासिन्स्की बागेच्या बाजूला, मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ. २०२४ मध्ये पंतप्रधान गेले होते तेव्हा बातम्यांत दाखवलं होतं. ऑपेरापासून फार लांब नाही. बाबांना घेऊन जा आणि आमच्यातर्फे एक फूल ठेवा.

गवती_चहा
माझी आजी वळिवड्याजवळच्या गावची. सांगायची की त्या बायका दूध घ्यायला यायच्या आणि मराठी आकडे पटापट शिकल्या, भावात घासाघीस मराठीत करायच्या. रविवारी छावणीतून गाण्याचा आवाज यायचा म्हणे, सगळे मिळून गायचे.

कोल्हापुरी_रस्सा
गवती चहा, हे लिहून ठेवा हो कुठेतरी. सांगणारी माणसं आता कमी राहिलीत.

पायपेटी
वळिवड्याचं मला अर्धवट माहीत होतं, स्मारकाचं अजिबात नाही. यादीत पहिलं लिहिलं. आणि रातराणी, त्या आजींच्या बोटांचं वाचून बाबांना दाखवलं, काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

वाटसरू
व्यवहाराचं कोणी बोलेना म्हणून मी लिहितो.

ग्रुप का एकटं: पोलंडमध्ये ट्रेन इतक्या छान आहेत की ग्रुपची गरज प्रवासासाठी नाही. वॉर्सा ते क्राकूफ फास्ट गाडीने अडीच तासांच्या आसपास, पोझनानही साधारण तेवढंच. पण वडील ७१ चे आहेत, बॅगा आहेत, आणि रात्री साडेनऊ-दहाला शो सुटल्यावर थंडीत हॉटेल गाठायचंय. तिथे गाइड आणि बस असणं म्हणजे फार मोठा आधार. मी तुमच्या जागी असतो तर ग्रुप घेतला असता, फक्त एखाद-दोन मोकळे दिवस जोडून.

शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधी बघा, मग पैसे भरा.

जेवण: प्येरोगी मिळतात सगळीकडे, म्हणजे आपल्या करंज्यांच्या आकाराचे उकडलेले. त्यातले "रुस्क्ये" म्हणजे बटाटा, चीज आणि कांदा. पण वर बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, तेव्हा आधी "बेझ म्यिंसा", मांस नको, असं ठणकावून सांगायचं. झुरेक सूप शाकाहारी नसतं. बटाट्याची धिरडी मात्र अप्रतिम, प्लात्स्की म्हणतात. "बार म्लेचनी" नावाच्या साध्या खानावळी असतात, दूधबार, तिथे स्वस्त आणि घरगुती मिळतं.

आंबेमोहर
वूच शहराचं स्पेलिंग बघितलं का कोणी? लिहिलंय लोड्झ आणि म्हणायचं वूच. माझा भाचा स्टेशनवर लोड्झ लोड्झ करत बसला आणि गाडी समोरून गेली.

मारवा
:) वूच म्हणजे होडी. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं जन्मगाव, कापडगिरण्यांचं शहर, गिरणगावच म्हणा. तिथेही मोठी ऑपेरा आहे, १९६७ ची. मोकळा दिवस असेल तर वॉर्साहून जाऊन येण्यासारखं.

तिसरी_घंटा
वाटसरूंच्या यादीत भर. पोलंडच्या थिएटरात कोट अंगावर घेऊन आत बसता येत नाही, "शातन्या" म्हणून काउंटर असतो तिथे द्यायचा. बाई कोट घेतात आणि नंबराचा बिल्ला हातात ठेवतात. तो बिल्ला जपा. शो सुटल्यावर सगळं थिएटर तिथे रांग लावतं पण धक्काबुक्की नाही, लोक रांगेतच आवाजांबद्दल बोलत असतात, मला तर ती रांग आवडायला लागली.

आणि वेळेच्या बाबतीत कडक आहेत. माझा एक मित्र ट्रॅफिकमुळे सात मिनिटं उशिरा पोचला तर मध्यंतरापर्यंत बाहेर, लॉबीतल्या टीव्हीवर बघत बसला. तुम्ही अर्धा तास आधीच जा, इमारत बघायलाच तेवढा वेळ लागतो.

वॉर्साची इमारत बघताना एक लक्षात ठेवा. मूळ १८३३ ची, कोराझ्झी नावाच्या इटालियन वास्तुरचनाकाराची, रोसिनीच्या बार्बर ऑफ सेव्हिलने उघडली. १९३९ च्या बाँबफेकीत गेली, पुढची भिंत तेवढी उभी राहिली. त्या भिंतीमागे नवं थिएटर बांधून १९६५ मध्ये उघडलं, स्टेज एवढं प्रचंड की जगातल्या सगळ्यात मोठ्यांत गणतात. समोर मोन्यूश्कोचा पुतळा आहे. उघडताना पहिली कुठली लावली माहितीय? मोन्यूश्कोचीच, पण हाल्का नाही, "स्त्राश्नी द्वुर". आपण म्हणू झपाटलेला वाडा.

मारवा
तिसरी घंटा, आता तुम्ही माझ्या बाजूला आलात.

झपाटलेला वाडा हलकीफुलकी आहे, दोन भाऊ शपथ घेतात की लग्न करायचं नाही, आणि वाड्यातल्या दोन बहिणी भूत बनून त्यांना घाबरवतात. पण त्यात रात्री एक जुनं बंद पडलेलं घड्याळ अचानक वाजायला लागतं, पोलोनेझ या पोलिश नाचाची चाल वाजवतं, आणि त्यातला एक भाऊ स्तेफान आपल्या गेलेल्या आईच्या आठवणीने गातो. १८६३ चा उठाव रशियाने चिरडल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. १८६५ मध्ये वॉर्सात हे ऐकून प्रेक्षक इतके हलले की तीन प्रयोगांनंतर रशियन सेन्सॉरने बंदीच घातली. भुताखेतांच्या विनोदी ऑपेरावर बंदी! पण बंद पडलेलं घड्याळ पुन्हा वाजतंय याचा अर्थ सेन्सॉरलाही कळला होता ना.

रातराणी
क्राकूफबद्दल कोणीच नाही लिहिलं. स्वोवात्स्की थिएटर बघाच, १८९३ चं, आतला रंगवलेला पडदा चित्रकार श्येमिरादझ्कीचा, तो पडदा बघायलाच लोक जातात. ऑपेराची नवी इमारत वेगळी आहे, २००८ ची, लुबिच रस्त्यावर, तेव्हा तुमचा शो नक्की कुठे आहे ते बघून घ्या, दोन्ही दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत पण धावपळ नको.

आणि चौकात मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस ट्रंपेट वाजवतो, चारी दिशांना चारदा, आणि सूर मध्येच तोडतो. गोष्ट अशी सांगतात की शत्रू आल्याचा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण लागला होता. काकांना त्या चौकात डोळे मिटून उभं करा. तो तुटलेला सूर वाजवणाऱ्या माणसाला वेगळाच लागेल.

वाटसरू
पोझनानला दुपारी बाराला टाउन हॉलवर दोन यांत्रिक बोकड टकरी देतात ते पण बघा, आणि तिथला खसखशीच्या सारणाचा क्रोसाँ खा. ऑपेराच्या छतावर पंख असलेला घोडा आहे, लोक तिला पेगाससची ऑपेराच म्हणतात.

उंबरठा
शोपाँचं काय मग? तोही पोलंडचाच ना, त्याला कोणी विचारेना.

मारवा
उंबरठा, शोपाँसाठी वॉर्सात वेगळी संध्याकाळ खर्च करायची गरजच नाही. जुन्या गावात त्याच्या संगीताचे छोटे कार्यक्रम जवळपास रोज असतात, तासाभराचे. मोकळ्या दिवशी जाता येईल. होली क्रॉस चर्चमध्ये खांबात त्याचं हृदय ठेवलंय, शरीर पॅरिसला, हृदय बहिणीने घरी आणलं. रस्त्यात बाकं आहेत, बटण दाबलं की शोपाँ वाजतो. तो सगळीकडे भेटतो हो. हाल्का भेटायला मात्र तिकीट काढूनच जावं लागतं.

तिसरी_घंटा
हे पटलं. माझं मत बदलतो. हाल्का ठेवा, शोपाँ मोकळ्या दुपारी.

पायपेटी
मंडळी, तीन दिवसांनी लिहितेय.

मारवा, तुम्ही म्हणालात तसं योन्तेकचं गाणं रात्री लावलं. बाबांनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाले परत लाव. मग परत. चौथ्यांदा मी स्वयंपाकघरात होते तर गाणं बंद आणि बाहेरून पेटीचा आवाज. कापड काढलं होतं. सुरुवातीचा तो ओबोचा तुकडा शोधत होते, एक जागा सापडत नव्हती म्हणून पुन्हा पुन्हा तिथेच येत होते. मी पोळ्या तशाच ठेवून दारात उभी राहिले. साडेचार वर्षांनी.

तर ठरलं. ग्रुप टूर घेतोय, हाल्का ठेवलीय, ती पोझनानला आहे, सीट लेखी मागितल्या आणि त्यांनी खालच्या मजल्यावर सातवी रांग दिली. पुढे दोन दिवस वॉर्सात आमचे आम्ही राहतोय, स्मारक, मोन्यूश्कोचा पुतळा आणि शोपाँ तेव्हा.

एकच शंका उरलीय. बाबा विचारतायत की तिथे गाणं आवडलं तर "वन्स मोअर" म्हणतात का, आणि म्हटलं तर चालतं का?

रातराणी
"ब्राव्हो" म्हणतात, बाईंना "ब्राव्हा". शेवटी सगळं थिएटर एका लयीत टाळ्या वाजवायला लागतं, हळूहळू वेग वाढत जातो, त्यात काकांनी सामील व्हायचं. पुन्हा गा असं सहसा नाही म्हणत, पण काकांना आलंच तोंडावर तर म्हणू दे.

पायपेटी, व्रोत्सवाफला तुमची गाडी किती वाजता आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी स्टेशनवर येते, प्येरोगी घरचे करून आणते, चरबी न घातलेले. आणि मुलाच्या शिकवणीसाठी घेतलेली बाजाची पेटी आहे घरी, सूर बरे आहेत. ती जागा काकांना सापडली असेल तर आम्हाला ऐकायचीय.